लैंगिक कल : वर्गीकरणाचा इतिहास

व्यक्तीला भिन्नलिंगी, समलिंगी वा दोन्ही लिंगांच्या व्यक्तींविषयी वाटणाऱ्या स्थायी स्वरूपाच्या आकर्षणास लैंगिक कल म्हणतात. असे आकर्षण न वाटणे (अलैंगिकता) हाही त्याचाच एक प्रकार मानला जातो. समलिंगी आचरणाचे उल्लेख कामसूत्रासारख्या प्राचीन ग्रंथांतही आढळतात. परंतु आकर्षणाच्या दिशेवरून माणसांचे प्रकार पाडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील असून तिचा उगम वैद्यकापेक्षा फौजदारी कायद्याविरुद्धच्या वादात शोधावा लागतो.

१८६७ मध्ये म्यूनिक येथील जर्मन विधिज्ञांच्या परिषदेत कार्ल हाइन्रिख उलरिक्स (१८२५–९५) याने समलिंगी पुरुषांना शिक्षा देणाऱ्या कायद्यांचा जाहीर निषेध केला, तेव्हा आरडाओरडा करून त्याचे भाषण बंद पाडण्यात आले. हा कल जन्मजात असल्याने तो गुन्हा ठरत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा समकालीन लेखक कार्ल मारीआ केर्टबेनी (१८२४–८२) यास हा युक्तिवाद पुरेसा वाटला नाही. संमतीने चाललेल्या खाजगी वर्तनात राज्याने हस्तक्षेपच करू नये, ही त्याची भूमिका अधिक मूलगामी होय. धमक्या देऊन पैसे उकळणाऱ्यांमुळे आपल्या एका तरुण मित्राने आत्महत्या केल्याचे त्याने नमूद केले आहे. प्रशियाच्या दंडसंहितेविरुद्ध १८६९ मध्ये त्याने निनावी पत्रके छापली व त्यांत ‘होमोसेक्शुअल’ (समलिंगी) हा शब्द प्रथम छापून आला. ‘हेटरोसेक्शुअल’ (भिन्नलिंगी) हा शब्दही त्याचाच. बहुसंख्यांच्या कलालाही तोवर असे नाव नव्हते, हे लक्षणीय आहे. पत्रकांचा उपयोग झाला नाही. १८७१ च्या जर्मन दंडसंहितेत ते कलम १७५ म्हणून कायम राहिले.

क्राफ्ट-एबिंगच्या ग्रंथामुळे (१८८६) हे शब्द वैद्यकात रुजले. पण समलिंगी कल विकृती ठरला. माग्नुस हिर्शफेल्ट (१८६८–१९३५) याने १९१९ मध्ये बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था स्थापिली. ती १९३३ मध्ये नाझींनी लुटली. अमेरिकेत किन्सी याने १९४८ मध्ये शून्य ते सहा अशी श्रेणी मांडून काटेकोर विभागणीलाच आव्हान दिले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून १९९० मध्ये वगळली.

भारतात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ब्रिटिशांनी आणले. मराठीत या विषयाची उघड चर्चा र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य (१९२७–५३) मासिकाने केली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला व १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खाजगी संबंधांपुरते कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविले. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला.