सुरतेचा जोडलेला संगणक
नोव्हेंबर 1984 मध्ये केंद्र सरकारने नवं संगणक धोरण आणलं आणि आयातीचे नियम सैल झाले. तरी कंपनीचा तयार संगणक मध्यमवर्गाला परवडेना. नव्वदच्या दशकात सुटे भाग जोडून केलेला ‘असेंबल्ड’ संगणक अनेक घरांत शिरला तो त्यामुळेच.

सुरतकरांना असे सुटे भाग आणण्याची खास सोय होती. पहाटेची फ्लाइंग राणी रेल्वेगाडी मुंबई सेंट्रलला सोडायची, सुट्या भागांचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड तिथून हाकेच्या अंतरावर. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क पारखून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचं! पुढे 1997 मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान करारामुळे सुट्या भागांवरचं आयातशुल्कही टप्प्याटप्प्याने उतरलं.

असा संगणक भागाभागाने दुरुस्तही करता येतो. ऑगस्ट 2006 मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून पाणी सुटलं, नदीने सुरतेचा मोठा भाग बुडवला. अशा पुरात गाळ भरलेलं यंत्र लगेच भंगारात काढायचं नसतं. मदरबोर्ड वीज न लावता स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला, तर पुष्कळदा चालतो. रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच घासतात. हार्ड डिस्क मात्र घरी उघडू नये. त्यातल्या तबकड्यांना धुळीचा कणही खपत नाही.

आजही संगणक रेंगाळू लागला, तर आधी पंख्यातली धूळ काढा, एसएसडी बसवून पाहा. नव्याची खरेदी त्यानंतर.