राजगडाच्या पायथ्याची सुट्टी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर लागतं. शनिवारी सकाळी इथून पुण्याच्या गाड्यांची रांग जाते. ‘जरा डोकं शांत करायला’ निघालेली ही मंडळी. राजगडाच्या या खोऱ्यात असं धबडग्यातून दूर जाऊन थांबण्याची चाल बरीच जुनी आहे, पण तिचा जुना अवतार आळसाचा मुळीच नव्हता.

आग्र्याहून सुटून शिवाजी महाराज १६६६ मध्ये राजगडावर परतले. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेलेले, खजिन्याला आग्र्याच्या स्वारीची झळ लागलेली. त्यानंतरची जवळपास तीन वर्षं त्यांनी मुघलांशी मोठं युद्ध टाळलं आणि कारभाराची घडी बसवली. बखरी या काळावर फार रेंगाळत नाहीत. तलवार म्यानात असली की शाहिरालाही विषय सुचत नसावा. मला मात्र मोहिमांइतकाच हा थांबा मोलाचा वाटतो. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा घेतला गेला, आणि गेलेले किल्ले एकेक करून परत येऊ लागले. ती तयारी या शांत वर्षांत झाली होती.

पुढे इंग्रजांनी डोंगरावर जाण्याला ‘हवापालट’ केलं. १८२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या पुढाकाराने महाबळेश्वर उभं राहिलं. उन्हाळा टाळायचा, यकृत सांभाळायचं, एवढाच हेतू. पुण्याचे साहेब सिंहगडावरही, म्हणजे त्याच कोंढाण्यावर, बंगले बांधून राहू लागले.

त्याच सिंहगडावर टिळकांनीही बंगला घेतला, पण चाल जुनीच ठेवली. ‘केसरी’च्या धबडग्यातून ते वर जात ते वाचायला-लिहायला. १९०३ साली आलेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’च्या कामालाही गडावरच्या मुक्कामाचा हातभार लागला. मंडालेच्या तुरुंगवासाला हवापालट कोण म्हणेल? पण ‘गीतारहस्य’ तिथेच, पेन्सिलीने लिहून झालं.

राजगडाला पुन्हा राहता माणूस मिळाला तो गो. नी. दांडेकरांच्या रूपाने. ते वर दिवसचे दिवस मुक्काम करत. त्यांच्या लिखाणाने कितीतरी पोरांच्या पाठीवर सॅक चढली. आज पद्मावती माचीवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पायथ्याच्या गावांतल्या बाया पहाटेच ताक-दह्याची भांडी घेऊन वर चढतात आणि उन्हं तापायच्या आत ती रिकामी होतात.

विंझर-वेल्ह्याकडच्या माणसाचं दूर जाणं उलट्या दिशेचं. तो पोटासाठी पुण्या-मुंबईला जातो आणि आषाढात भातलावणीला रजा टाकून येतो. चिखलात पाय रोवून दिवसभर वाकायचं, याला सुट्टी म्हणायचं धाडस त्याच्या साहेबानेच करावं. पण गाव नीट दिसतं ते त्यालाच, कारण वर्षभर ते त्याच्या डोळ्यांआड असतं. कोणाचं खाचर पडीक राहिलं, कोणाच्या बांधावर तारेचं कुंपण आलं, हे त्याच्या लगेच ध्यानात येतं. रात्री जेवणं उरकली की भावाभावांत बोलणं निघतं ते एकाच गोष्टीचं: रस्त्याकडेचा तुकडा ठेवायचा, की फार्महाऊसवाल्याला देऊन टाकायचा.