जंतूच्या श्वासाचा माग

माळव्यातल्या पवारांची धारची गादी वेगळी आणि देवासची वेगळी. त्यातही देवासला एकाच गावात दोन संस्थानं नांदायची: तुकोजींची थोरली पाती, जिवाजींची धाकटी. 1948 मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी 30 जानेवारीला मुंबईहून तेवीस वर्षांचा एक गवई या गावी राहायला आला. शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व. फुफ्फुसाला क्षय झालेला, गाणं बंद. कोरडी हवा मानवेल, एवढीच आशा.

हवापालट हा तेव्हा मध्यमवर्गाचा मोठा आधार होता. मिरजेजवळची वानलेसवाडी, पाचगणीचं बेल-एअर ही नावं मराठी घरांत हळू आवाजात घेतली जात. स्ट्रेप्टोमायसिन हाती येईपर्यंत दुसरं होतं तरी काय? कुमारांचं एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं. मैफलीत ते परतले 1953 मध्ये.

त्या काळच्या क्षयरोग्याला पडणारा प्रश्न साधा होता: जंतू अजून जिवंत आहे का? त्याचं उत्तर मात्र सहज मिळत नसे. एक्स-रेत सावली दिसे, जंतू नव्हे. रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि पाठोपाठ झील-नील्सन पद्धत आली. थुंकीच्या काचपट्टीवर कार्बोल फुक्सिन ओतून ती तापवायची, मग आम्लानं धुवायची. मेणचट कवचामुळे क्षयाचा जंतू तांबडा राहतो, बाकी सारं निळ्या रंगात रंगतं. पद्धत स्वस्त आणि आजही टिकून आहे. पण एका मिलिलिटर थुंकीत निदान पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, आणि मेलेला जंतूही तितकाच तांबडा दिसतो.

जिवंतपणाची खूण म्हणजे वाढ. त्यासाठी अंडी आणि मॅलकाइट ग्रीन घालून केलेल्या लोवेनस्टाइन-येन्सनच्या हिरव्या माध्यमावर नमुना लावायचा आणि थांबायचं. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी अठरा-वीस तास लागतात. डोळ्यांना वसाहत दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, आणि ‘नाही’ म्हणायला आठ. तोवर औषध लागू पडतंय की नाही, हा अंदाजाचाच कारभार.

ही वाट आखूड झाली ती 1990 च्या दशकात, आणि तीही जंतू पाहण्याचा हट्ट सोडल्यामुळे. एमजीआयटी नावाच्या नळीत तळाला सिलिकॉनमध्ये रुथेनियमचं संयुग बसवलेलं असतं. अतिनील प्रकाश पडला की ते नारिंगी चमकतं. पण द्रवात विरघळलेला प्राणवायू ती चमक दाबून टाकतो. वाढणारे जंतू प्राणवायू वापरतात, तो संपत गेला की तळ उजळतो. म्हणजे यंत्र टिपतं तो जंतूचा श्वास. थुंकीत जंतू भरपूर असतील तर उत्तर दहा-बारा दिवसांत मिळतं, आणि नकार बेचाळीस दिवसांनी नक्की होतो. सीबीनॅट ही जनुकीय चाचणी दोन तासांत निकाल देते खरी, पण मेलेल्या जंतूचं डीएनएही तिच्या जाळ्यात सापडतं. म्हणून उपचारांवरच्या रुग्णासाठी वाढीची परीक्षा अजून सुटलेली नाही.

नॅनोसंवेदकांनी, म्हणजे नॅनोमीटर मापाच्या संवेदक कणांनी, हेच तत्त्व लहान केलं. मिशिगन विद्यापीठात राऊल कोपेलमन यांच्या गटानं प्रकाशानं वाचता येणारे असे कण पेशीच्या आत सोडून दाखवले. प्राणवायू ओळखणारा रंग अडकवलेला शंभरेक नॅनोमीटरचा कण क्षयाच्या जंतूच्या लांबीच्या विसाव्या हिश्श्याहून मोठा नसतो. तळाशी बसण्याऐवजी असे कण द्रवात सगळीकडे विखुरता येतात, त्यामुळे प्राणवायूतला फरक थेंबभर नमुन्यातही टिपता येतो. चमक किती, यापेक्षा ती किती वेळ टिकते हे मोजलं तर कण कमी-जास्त असल्याचा घोळही टळतो.

मात्र श्वास ओळखणाऱ्याला श्वास कुणाचा ते कळत नाही. थुंकीतून शिरलेला भलता जंतूही प्राणवायू संपवतो आणि नळी तशीच उजळते. त्यामुळे एमजीआयटीची नळी ‘पॉझिटिव्ह’ आली, की प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ तिच्यातला थेंब काचपट्टीवर घेतो, कार्बोल फुक्सिन ओततो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्या शोधतो.