पाय पुण्यात मिळाला, दातांचे काय?

दाढ ठणकू लागली की सेनापतीलाही युद्ध सुचत नाही. १९१४ साली ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. ऑक्टोबरात जनरल डग्लस हेग यांची दाढ दुखू लागली, पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला आणि मगच आघाडीवर दंतवैद्य पाठवायचे ठरले, असे सांगतात. आपल्याकडे भारतीय सैन्याचे स्वतंत्र दंतवैद्यक दल १ फेब्रुवारी १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभे राहिले.

ही सोय मुख्यतः नोकरीतल्या जवानाची. जखमी होऊन घरी परतलेल्याचे काय? त्याच्यासाठीही संस्था निघाल्या. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे. तिन्हींचे काम मोठे आहे. पण तिन्ही पुण्याच्या परिसरात.

नांदेड आणि लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या माजी सैनिकाला लष्करी रुग्णालय गाठायचे तर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुणे किंवा सिकंदराबाद. पायासाठी माणूस एकदा पुण्याला जातो, राहतो आणि पाय बसवून येतो. दातांचे तसे नाही. कवळीसाठी आधी माप, मग जबड्याची ठेवण पाहणे, मग बसवून बघणे आणि शेवटी टोचते तिथे घासून घेणे. एवढे खेटे मुखेड किंवा निलंग्याहून कुबड्या घेऊन कोण घालणार? मग दुखरा दात काढायचा आणि उरलेल्यांवर भागवायचे.

शिवाय अपंगत्वाच्या पेन्शनच्या कागदावर पायाची, मणक्याची जखम नोंदलेली असते, दात नसतो. पण दोन्हींचा संबंध आहे. हात गेलेल्याला दात घासणे अवघड जाते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि दात लवकर किडतात.

१ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली आणि चित्र बदलू लागले. छावणी नसलेल्या जिल्ह्यांतही पॉलिक्लिनिक काढायचे आणि तिथे दंतवैद्यही नेमायचा, हा त्यातला महत्त्वाचा विचार. दंतवैद्य माणसाच्या जवळ आणण्याची ती सुरुवात होती.

तरी शेवटची काही पावले उरतातच. दवाखाना वरच्या मजल्यावर असेल, चाकांच्या खुर्चीवरून उपचाराच्या खुर्चीवर नेणारे कुणी नसेल, तर योजना कागदावरच राहते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा नेमके हेच सांगतो : उपचार घराजवळ मिळावा, वाटेत अडथळा नसावा आणि दिव्यांगाला आधी तपासावे.

लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे आज दंत महाविद्यालये आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयेही आहेत. या दोघांनी मिळून महिन्यातला एक दिवस तळमजल्यावरच्या खुर्च्या या मंडळींसाठी राखून ठेवला, तर फार खर्च येणार नाही. ज्याने सीमेवर पाय गमावला, त्याला भाकरी तरी नीट चावता यावी, एवढे आपण नक्कीच करू शकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)