सायकल-अपघात, शहरी

शहरातल्या रहदारीत मोटारवाहनाची धडक बसून, वाहन घासून, अचानक उघडलेल्या दारावर आपटून किंवा वाहन चुकवताना तोल जाऊन सायकलस्वाराला होणारा अपघात. त्याच्या आगेमागे येणारी हॉर्नबाजी, कट मारणे, अंगावर गाडी घालणे आणि शिवीगाळ यांचाही विचार याच नोंदीत केला आहे, कारण भांडण आणि अपघात यांच्यात बरेचदा वीतभरच अंतर असते.

मोटार आणि सायकल यांचे हे वैर मोटारीइतकेच जुने आहे. 30 मे 1896 रोजी न्यूयॉर्कमध्ये हेन्री वेल्स याच्या ड्युरिया मोटारीने एका सायकलस्वाराला उडवले. सायकलस्वाराचा पाय मोडला आणि वेल्सला रात्र कोठडीत काढावी लागली. अमेरिकेतला पहिला मोटार अपघात म्हणून हीच घटना सांगितली जाते.

शहरी अपघातांच्या काही ठरावीक तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा खेटून ओव्हरटेक करण्याची. सायकलने रस्त्याच्या डाव्या कडेने जावे अशी अपेक्षा असते. पण खड्डे, गटाराची जाळी, वाळू, डांबराची उचकटलेली कड आणि उभ्या केलेल्या रिक्षा हे सगळे त्याच कडेला असते. ते चुकवायला सायकलस्वार हातभर उजवीकडे सरकतो. मागच्या चालकाला खड्डा दिसत नाही, फक्त सायकल दिसते, आणि ‘मध्येच आला’ हा त्याचा जबाब त्याच्यापुरता खराही असतो.

दुसरी तऱ्हा दाराची. भारतात वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे चालकाच्या बाजूचे दार नेमके सायकलच्या वाटेत उघडते. नेदरलँड्समध्ये रुजलेला उपाय साधा आहे: दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायचे. भारतीय चालकाने तसे डाव्या हाताने उघडले, की खांदा आणि मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. ब्रिटनने 29 जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या सुधारित वाहतूक संहितेत ही युक्ती घातली. ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर अंतर सोडावे, असेही तीच संहिता सांगते.

तिसरी तऱ्हा डावीकडे वळणाऱ्या ट्रकची, आणि ती फार घातक. ट्रकचालक उजवीकडे आणि उंचावर बसतो. डाव्या दाराला खेटून थांबलेली सायकल त्याला दिसतच नाही. वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतून कापत येते. सिग्नलला सुरक्षित वाटणारी जागा हिरवा दिवा लागताच सापळा होते. लंडनने 2021 पासून 12 टनांवरच्या ट्रकांना केबिनमधून रस्ता कितपत दिसतो यावर तारे देऊन परवान्याची सक्ती केली. पुरेसे तारे नसतील तर जादा आरसे, कॅमेरे आणि इशारायंत्रे बसवावी लागतात. इथे चालकाच्या स्वभावाकडे न पाहता त्याच्या खिडकीकडे पाहिले गेले, हे महत्त्वाचे.

स्वभावाकडे पाहणारा एक गमतीदार प्रयोगही आहे. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इयान वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावले आणि 2,300 हून अधिक वाहने किती जवळून जातात ते टिपले. हेल्मेट घातले असता वाहने सरासरी साडेआठ सेंटीमीटर जास्त जवळून गेली. वॉकर यांनी मग लांब केसांचा टोप चढवला. मागून बाई दिसू लागल्यावर चालक जास्त जागा सोडू लागले. प्रयोगादरम्यान त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडक दिली. दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होते. यावरून हेल्मेट घालू नये असे ठरत नाही. चालक मात्र समोरच्याचा पोशाख पाहून नकळत अंतर ठरवतो, एवढे दिसते.

चूक कोणाची, या प्रश्नाला कायदा काय उत्तर देतो, त्यावरही रस्त्यावरचा तोरा अवलंबून असतो. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ त्यातून उभी राहिली. आज तिथे मोटार आणि सायकल यांच्या अपघातात नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात मोटारीकडे जाते. जखमी 14 वर्षांखालचा असेल तर जवळजवळ नेहमीच पूर्ण.

भारतात सायकल हे मोटारवाहन नाही, त्यामुळे परवाना नाही की नोंदणी नाही. धडक बसली तर मोटारीच्या तृतीय पक्ष विम्यातून भरपाई मागता येते आणि दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालतो. वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये एवढी सरकारी भरपाई 1 एप्रिल 2022 पासून ठरलेली आहे. देशातल्या रस्ते अपघातांतील मृतांत सायकलस्वार सुमारे 3 टक्के असतात. 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 45 टक्के घरांत सायकल होती. त्यातले बहुतेक स्वार कारखान्याच्या पाळीला, बांधकामावर, दूध-पेपर टाकायला जाणारे. त्यांच्या अपघाताला वर्तमानपत्रात चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

नावाजलेली माणसे अपघातात सापडली तेव्हा मात्र चर्चा झाली. ऑक्टोबर 2013 मध्ये पर्यावरण अभ्यासक सुनीता नारायण यांना दिल्लीत सकाळी सायकल चालवताना मोटारीने उडवले. चालक पळाला आणि एका वाटसरूने त्यांना रुग्णालयात नेले. 28 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर टॅक्सीने मागून दिलेल्या धडकेत इंटेलचे माजी अधिकारी अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. 386 आणि 486 या प्रोसेसरांच्या घडणीत त्यांचा वाटा होता. पहाटेची वेळ सायकलस्वार निवडतात ती रस्ता मोकळा असतो म्हणून. पण मोकळ्या रस्त्यावर गाड्या सुसाट सुटतात, आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

पुण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि पोलीस पकडत ते दिवा नाही किंवा डबलसीट आहे म्हणून. याच परिसरातल्या कारखान्यांतून स्कूटर निघाल्या, 1972 मध्ये लूना ही मोपेड आली, आणि सायकलवाला हळूहळू दुचाकीवाला झाला. त्यामुळे इथे सायकलस्वाराला कट मारणारा पुष्कळदा कालचा सायकलस्वारच असतो. 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची जलद सेवा, सुरू झाली. तिच्या जोडीने सायकलमार्ग आखले गेले. त्यांवर लवकरच गाड्या लागल्या, टपऱ्या आल्या, आणि सायकलवाला परत मुख्य रस्त्यावर उतरला. वर ‘तुमचा ट्रॅक आहे ना, तिकडून जा’ हे ऐकून घेणेही त्याच्या वाट्याला आले.

कोलकात्याने उलटा मार्ग धरला. सायकलींमुळे वाहतूक मंदावते म्हणून 2013 मध्ये तिथल्या पोलिसांनी 174 रस्त्यांवर त्यांना बंदी केली. दूधवाले, कारागीर, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या पोटावर पाय आल्याची ओरड झाली आणि पुढे यादी आखडली. 2020 च्या जूनमध्ये टाळेबंदी सैल झाली, पण बस तुरळक होत्या आणि लोकल बंद होत्या. तेव्हा त्याच पोलिसांनी सायकलींना शहरातल्या अनेक रस्त्यांवर तात्पुरती मुभा दिली.