तोकिवादाइराचं लोखंडी दार

साल 1962. शिन-केइसेई लाइनच्या गाडीतून तुम्ही तोकिवादाइरा स्थानकावर उतरता. टोकियोच्या सीमेवरची एदो नदी ओलांडली की लागणारं, चिबा प्रांतातलं हे मात्सुदो शहर. काही वर्षांपूर्वी इथे शेतं होती, आणि ती देणार नाही म्हणून शेतकरी लढलेही होते. आता समोर चार मजली इमारतींच्या रांगा आहेत. सरकारी गृहनिर्माण महामंडळाने बांधलेली सुमारे 4800 घरं, म्हणजे एक आख्खी दांची, इमारतींची वसाहत.

लिफ्ट नाही, जिना चढा. लोखंडी दार उघडून एक तरुण गृहिणी तुम्हाला आत घेते. चपला काढा. ताटामी चटया अंथरलेल्या दोन खोल्या, स्वयंपाकघरातच जेवणाचं टेबल, स्वतःचं न्हाणीघर, फ्लशचा संडास. टीव्ही आणि कपडे धुण्याचं यंत्र ती मुद्दाम दाखवते. पण सगळ्यात आधी दाखवते ती किल्ली. लाकडी घरातल्या एका भाड्याच्या खोलीत, शेजाऱ्यांसोबत एकच संडास वापरून राहिलेल्या नव्या जोडप्याला स्वतःच्या कुलपाचं केवढं अप्रूप! हे सुख खरं होतं, आज त्याकडे कुत्सितपणे पाहू नये. आणि दार बंद होत असलं तरी खाली वाळूच्या खड्ड्यात पोरं खेळतात, त्यांच्या आयांची ओळख होतेच. उन्हाळ्यात रहिवासी संघ, जिचिकाई, बोन सणाच्या नृत्याचा मंडप उभारतो.

थोडं पुढे, 1969. माणसं वाढली त्या वेगाने गटारं आणि रस्ते झालेले नाहीत. औषध दुकानांच्या प्रसिद्ध साखळीचे संस्थापक मात्सुमोतो कियोशी महापौर झाले आहेत. ऑक्टोबरमध्ये ते पालिकेत ‘लगेच करू’ नावाचा विभागच उघडतात. तुंबलेल्या गटाराचा फोन आला की माणसं निघालीच. हा विभाग पुढेही टिकतो. गांधीलमाशांची पोळी काढायलाही याच लोकांना बोलावतात.

आता मोठी उडी, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. जिने तेच, पण पोरांचा गलका नाही. मुलं वाढली, निघून गेली. आईवडील मागे राहिले. एका दारासमोर पोलीस उभे आहेत. आतला माणूस तीन वर्षांपूर्वी वारलेला. भाडं बँकेतून आपोआप कापलं जात होतं, म्हणून कुणी दार वाजवलं नाही. खात्यातले पैसे संपले, तेव्हा कळलं.

ही बातमी वस्तीची लाज म्हणून दडपता आली असती. जिचिकाईने ती उघड बोलून दाखवली, एकाकी मृत्यू थांबवायचे असं ठरवलं. मला या वस्तीचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच वाटतो.

2007 साल. दांचीतल्या ‘इकिइकि सलोन’मध्ये शिरा. 100 येन द्या आणि हवा तितका वेळ बसा. कॉफी समोर येते, पलीकडची आजी नाव विचारते, कुठल्या इमारतीत राहता विचारते. जिचिकाईचे कार्यकर्ते एका कार्डाबद्दल सांगतात: नाव, पत्ता, आणि काही झालं तर कुणाला कळवायचं त्यांचा फोन. शेवटच्या रकान्याशी बरेच जण अडतात. मग शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणतं, माझा नंबर लिही.