सिमला ऑफिस आणि आमच्या वाड्यातलं नरसाळं

आजोबांच्या पावसाच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्यात पंचांगातलं नक्षत्राचं वाहन, दुसऱ्यात आकाशवाणीचा किंवा पेपरातला अंदाज आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस. पहिला रकाना केवळ आजीच्या आग्रहाखातर. मृगाचं वाहन म्हैस निघालं की ती निर्धास्त. कोल्हा निघाला की म्हणायची, "हा हुलकावण्या देणार." नक्षत्र संपलं की आजोबा पहिल्या दोन रकान्यांसमोर लाल शाईने 'ब' नाहीतर 'चू' लिहीत. बरोबर किंवा चूक. आजी आणि सरकार, दोघांनाही सारखाच न्याय.

आजोबा वडगाव मावळच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. आवारातला पाऊस मोजायचं काम त्यांच्याकडे. तेव्हा पाऊस इंच आणि सेंटमध्ये लिहीत, एका इंचाचे शंभर सेंट. निवृत्त होऊन पुण्याला आल्यावर ही सवय सुटेना, म्हणून त्यांनी तांबटआळीतून पाच इंच तोंडाचं तांब्याचं नरसाळं करवून घेतलं. ते बाटलीवर बसवून वाड्याच्या परसात ठेवलं. मोजायला कंपाउंडरकडचा औषधाचा ग्लास. पुढे मिलिमीटर आले तेव्हा त्यांनी हिशेब करून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: 12.7 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. ग्लास डोळ्यांसमोर धरायचा. काचेला लागून पाणी किंचित वर चढतं ते धरायचं नाही, मधली खोलगट पातळी वाचायची. हे मला त्यांनी वयाच्या आठव्या वर्षी शिकवलं.

हा उद्योग आपल्याकडे जुनाच. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त कोठाराजवळ हातभर तोंडाचं कुंड पर्जन्यमापक म्हणून ठेवायला सांगितलं आहे, आणि कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो तेही दिलं आहे. अपरान्त, म्हणजे आपलं कोकण, आलं की मात्र आकडा संपतो; तिथला पाऊस 'अमित'.

मोजणं जुनं, पण अंदाजाला सरकारी शिक्का बसला तो इंग्रजी अमदानीत. हवामान खातं 1875 साली कलकत्त्यात सुरू झालं. पाठोपाठ 1876 ते 78 चा दुष्काळ पडला आणि पुढच्या पावसाचं आधी सांगा, अशी मागणी खात्याकडे आली. प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयावर बर्फ जास्त साचलं तर पाऊस कमी, असा आडाखा बांधून त्यांनी 1882 पासून प्रयोग केले, आणि 4 जून 1886 ला मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज निघाला. 1899 साली त्यांच्यानंतरच्या जॉन इलियट यांनी चांगला पाऊस सांगितला आणि पडला भीषण दुष्काळ. वृत्तपत्रांनी इतकं झोडपलं की पुढे काही वर्षं अंदाज गोपनीयच ठेवण्यात आले. आजोबांच्या वहीतला लाल 'चू' तेव्हा साऱ्या देशाने लिहिला होता.

खात्याचं मुख्यालय पुढे सिमल्याला गेलं आणि 1928 साली तिथून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकरांनी नाव दिलं 'सिमला ऑफिस'. मुख्यालय 1944 ला दिल्लीला हललं, पण चौक अजून सिमला ऑफिसचाच. याच पुण्यात 1948 पासून अॅना मणी यांनी शंभरेक हवामान उपकरणांची प्रमाण रेखाटनं करून ती देशातच बनवायची सोय लावली. आमच्या नरसाळ्याचं तोंड मात्र तांबटाच्या हातोडीमुळे जरासं लांबट होतं. त्याचं प्रमाणीकरण कोणी केलं नाही.

आजोबांनंतर वही माझ्याकडे आली. वाडा पडला, नरसाळं नव्या इमारतीच्या गच्चीत गेलं. मी कॉलेजातून आल्यावर संध्याकाळी पाणी मोजायचो आणि सकाळी पेपरातल्या शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून पाहायचो. कधीच जुळायचं नाही. चार वर्षं मी खात्याला नावं ठेवली. मग एका निवृत्त निरीक्षकांनी वही चाळून दोनच प्रश्न विचारले. किती वाजता मोजता? आणि कुठे?

खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, ग्रिनिचला तेव्हा तीन वाजलेले असतात. काल दुपारी पडलेली सर आजच्या तारखेला लागते. माझा दिवस संध्याकाळी सहाला संपत होता. शिवाय उंच गच्चीवर वारा जास्त, तो थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. आजोबांनी ते परसात, मोकळ्यावर ठेवलं होतं ते उगाच नव्हे.

त्या निरीक्षकांनी आणखी एक शिकवलं. 'तुरळक ठिकाणी पाऊस' ही पळवाट नाही. त्या विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस, असा तिचा ठरलेला अर्थ आहे. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. अंदाज विभागाचा असतो आणि मी तो पाच इंची तोंडाने तपासत होतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरही नाही. त्या दिवशी कुलाब्याच्या गच्चीवरून सांताक्रूझला 'चू' देणारा किती चुकला असता!

म्हणून खातं कधी चुकत नाही असं नाही. 2002 साली पाऊस सर्वसाधारण सांगितला होता आणि जुलैत देशभर सरासरीच्या निम्माच पडला. ती चूक दिसली, कारण गावोगावी कुणीतरी रोज सकाळी बाटली ओतून आकडा लिहीत होतं.

तुम्हीही मोजा. उभ्या भिंतींचा डबा असला तर पट्टीसुद्धा पुरते. तो भिंती-झाडांपासून दूर ठेवा आणि सकाळी साडेआठची वेळ चुकवू नका. आणि कोरड्या दिवशी शून्य लिहायला विसरू नका. रिकामी जागा म्हणजे पाऊस पडला नाही असं नव्हे. आपण पाहिलंच नाही, एवढाच तिचा अर्थ.